प्रदर्शन-परीक्षणातून मूल्यमापन: मानव्यविद्या शिकवणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

प्रदर्शन पाहून आल्यावर विद्यार्थ्यांना ‘अहवाल लिहा’ म्हटलं की हाती काय येतं, हे मानव्यविद्या शिकवणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. प्रदर्शन कुठे भरलं होतं, किती दालनं होती, कुठल्या दालनात काय होतं आणि शेवटी ‘एकंदरीत प्रदर्शन माहितीपूर्ण होतं’. अशा अहवालाला गुण देता येतात, पण विद्यार्थ्याला इतिहास, साहित्य किंवा कला किती कळली, याचा त्यातून पत्ता लागत नाही. माहितीफलक नीट उतरवून घेता येतात, एवढंच सिद्ध होतं.

परीक्षण लिहायचं म्हटलं की काम बदलतं. विद्यार्थ्याला पाहावं लागतं, पाहिलेल्याचा अर्थ लावावा लागतो, त्यावर मत द्यावं लागतं आणि ते मत ज्याने प्रदर्शन पाहिलेलं नाही अशा वाचकाला पटवून द्यावं लागतं. अभ्यासक, पत्रकार आणि संग्रहालयात काम करणारे लोक खरोखर जे काम करतात तेच विद्यार्थी करतो, म्हणून याला ऑथेंटिक असेसमेंट म्हणता येतं. ही कल्पना ग्रँट विगिन्स या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८९-९० च्या सुमारास जोरकसपणे मांडली. पुढे २००४ मध्ये गुलिकर्स, बास्टियन्स आणि किर्शनर यांनी तिची पाच अंगं सांगितली: काम, ते जिथे होतं तो परिसर, सोबतची माणसं, कामाचं फलित आणि ते जोखण्याचे निकष. ही पाचही अंगं प्रदर्शन-परीक्षणात सहज सापडतात. अर्थात ‘परीक्षण लिहा’ एवढं सांगून ती आपोआप येत नाहीत, त्यांची आखणी करावी लागते.

या सगळ्या आखणीचा पाया एकच आहे: प्रदर्शन म्हणजे वस्तूंच्या साहाय्याने केलेला युक्तिवाद. काय ठेवलं, काय वगळलं, कशाशेजारी काय मांडलं, कुठे उजेड टाकला, फलकावर कुणाचं नाव घातलं, या सगळ्यातून क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची आखणी करणारा, काही म्हणत असतो. परीक्षण त्या म्हणण्याला उत्तर देतं. हे विद्यार्थ्याच्या मनात पक्कं रुजलं, तर पुढची प्रत्येक पायरी सोपी होते.

आधी उद्दिष्ट ठरवा

प्रदर्शन कोणतं, याआधी आपल्याला नक्की काय तपासायचं आहे ते लिहून काढा. इतिहासाच्या वर्गात पुराव्यापासून निष्कर्षापर्यंतचा प्रवास तपासायचा असेल. साहित्याच्या वर्गात कथनाची रचना, म्हणजे कोण बोलतंय, कुणाला गप्प ठेवलंय, हे. कलेतिहासात दृश्य वर्णनाची अचूकता. तत्त्वज्ञानात एखाद्या भूमिकेमागची गृहीतकं. उद्दिष्टं दोन किंवा फार तर तीन ठेवा. पाच-सहा ठेवली की विद्यार्थी सगळ्यांना थोडं थोडं शिवून जातो आणि कशातच खोल उतरत नाही.

प्रदर्शन निवडताना

माझा कल छोट्या, तात्पुरत्या प्रदर्शनांकडे आहे. एक-दोन दालनांत मावणाऱ्या प्रदर्शनाचा युक्तिवाद एका नजरेच्या टप्प्यात असतो. भल्यामोठ्या संग्रहालयाचं कायमस्वरूपी प्रदर्शन अनेक दशकांत, अनेक हातांनी घडलेलं असतं आणि त्यात एकच एक म्हणणं शोधणं नवख्याला अवघड जातं. तिथे जायचंच असेल, तर एकच दालन नेमून द्या.

फार गाजलेलं प्रदर्शन शक्यतो टाळा. त्याच्यावर आधीच इतकं लिहिलेलं असतं, की विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा इतरांच्या मतांवर विसंबतो. सदोष प्रदर्शन मात्र बिनधास्त निवडा, कारण त्यात विचार करायला भरपूर जागा असते.

निवड करण्यापूर्वी स्वतः एकदा जाऊन या. चाकाच्या खुर्चीवरून सर्वत्र फिरता येतं का, फलक किती उंचीवर आणि किती मोठ्या अक्षरात आहेत, छायाचित्रं काढू देतात का, बसून टिपणं घ्यायला जागा आहे का, हे पाहा. प्रवेशशुल्क किंवा प्रवास एखाद्याला परवडत नसेल, तर त्याची सोय विभागाने करायला हवी. प्रत्यक्ष जाणं शक्यच नसलेल्यांसाठी ऑनलाइन प्रदर्शन हा पर्याय चालतो, पण त्याची प्रश्नावली वेगळी हवी. पडद्यावर आकार, अंतर आणि शेजार हरवतात. त्यांच्या जागी क्लिकचा क्रम, झूम आणि चित्राची चौकट येते. विद्यार्थ्याने याबद्दलच लिहावं, असं स्पष्ट सांगा.

वर्गातली तयारी: प्रदर्शन वाचायला शिकवणं

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. पुस्तक कसं वाचायचं हे आपण वर्षानुवर्षं शिकवतो, आणि प्रदर्शन मात्र विद्यार्थ्याला आपोआप वाचता येईल असं धरून चालतो. तसं होत नाही.

सुरुवातीला मांडणीची ताकद दाखवणारं एक उदाहरण घ्या. १९९२ मध्ये बाल्टिमोर इथल्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत फ्रेड विल्सन या कलावंताने संस्थेच्याच संग्रहातल्या वस्तू नव्याने मांडल्या. एका काचपेटीत चांदीची नक्षीदार भांडी होती आणि त्यांच्या मधोमध गुलामांच्या पायात अडकवायच्या लोखंडी बेड्या. फलकावर फक्त ‘धातुकाम, १७९३-१८८०’. ना टीका, ना स्पष्टीकरण. वर्गात याचं छायाचित्र दाखवा आणि विचारा: फलकावर एकही कठोर शब्द नाही, तरी ही काचपेटी काय म्हणते? आणि ते कशाच्या बळावर? संस्थेने यातल्या एकीकडे अभिमानाने बोट दाखवलं असतं आणि दुसरीकडे नाही, हे विद्यार्थ्यांना स्वतःहून सुचतं. वस्तूंचा शेजार हाच युक्तिवाद असतो, हे एकदा असं दिसलं की पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं उदाहरण हेतू आणि परिणाम यांच्यातल्या दरीचं. टोरांटोच्या रॉयल ऑंटारिओ म्युझियममध्ये १९८९-९० मध्ये आफ्रिकेवरचं एक प्रदर्शन भरलं होतं. वसाहतकाळात मिशनरी आणि सैनिकांनी या वस्तू कशा गोळा केल्या, याची चिकित्सा करण्याचा क्युरेटरचा हेतू होता. त्यासाठी तेव्हाच्या लोकांचे हेटाळणीचे शब्द उपरोधाने, अवतरणचिन्हांत वापरले होते. तो उपरोध अनेक प्रेक्षकांपर्यंत पोचलाच नाही. कृष्णवर्णीय समाजाने तीव्र निदर्शनं केली, ते प्रदर्शन पुढे जिथे जायचं होतं त्या संग्रहालयांनी ते घ्यायला नकार दिला आणि २०१६ मध्ये संग्रहालयाने जाहीर माफी मागितली. इथे विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखा प्रश्न असा: परीक्षणकर्त्याने हेतू तोलायचा की परिणाम? माझं उत्तर आहे, दोन्ही, आणि दोन्हींचे पुरावे वेगवेगळे द्यायचे. हेतूचा पुरावा प्रास्ताविक फलकात आणि प्रदर्शनाच्या पुस्तिकेत मिळतो. परिणामाचा पुरावा दालनात.

वेळ असेल तर तिसरं उदाहरण घ्या: वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये १९९५ साठी आखलेलं ‘एनोला गे’ या विमानाभोवतीचं प्रदर्शन. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं हे विमान. बॉम्ब टाकण्याचा निर्णय आणि त्याचे परिणाम यांची चर्चा करणारी मूळ योजना माजी सैनिकांच्या संघटना आणि अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य यांच्या विरोधामुळे रद्द झाली, आणि विमानाचा भाग बऱ्याच साध्या स्वरूपात मांडला गेला. प्रदर्शनामागे पैसा, सत्ता आणि स्मृतीचा हक्क सांगणारे गट उभे असतात, हे त्यातून कळतं. ‘यात काय नाही?’ हा प्रश्न विचारायची सवयही लागते.

यानंतर दोन-तीन छापील परीक्षणं वर्गात वाचा, त्यातलं एखादं सुमार असू द्या. प्रत्येक वाक्यापुढे विद्यार्थ्यांना खूण करायला सांगा: हे वर्णन आहे, अर्थ लावणं आहे की मूल्यनिर्णय? चांगल्या परीक्षणात ही तिन्ही एकमेकांत गुंफलेली असतात. सुमार परीक्षणात वर्णनाचा ढीग आणि शेवटी निर्णयाचं एक वाक्य असतं. एवढ्या सरावाने वर्गाला पुढच्या गुणदानाचे निकष निम्मे समजलेले असतात.

कामाची लेखी सूचना

सूचना एका पानात बसली पाहिजे. तिच्यात वाचक कोण हे सर्वांत ठळक असू द्या. फ्रेंच लेखक दिदरोने १७५९ पासून पॅरिसच्या ‘सलों’ या कलाप्रदर्शनांवर लिहिलेली परीक्षणं हस्तलिखित वार्तापत्रातून परदेशातल्या मोजक्या वर्गणीदारांकडे जात. ती चित्रं त्या वाचकांना दिसणार नव्हती, त्यामुळे चित्र शब्दांत उभं करण्याखेरीज लेखकाला गत्यंतर नव्हतं. विद्यार्थ्यालाही असाच वाचक द्या: सुजाण, कुतूहल असलेला, पण प्रदर्शन न पाहिलेला. ‘प्राध्यापक वाचणार’ एवढंच मनात असलं, तर तो वर्णन गाळतो, कारण तुम्ही सगळं पाहिलंय हे त्याला ठाऊक असतं.

शब्दमर्यादा ८०० ते १२०० ठेवा. यापेक्षा कमी शब्दांत युक्तिवाद उभा राहत नाही आणि जास्त दिले तर भर भरतीवर जातो. सूचनेत हेही लिहा: किमान तीन वस्तूंची जवळून चर्चा, किमान एका फलकाच्या भाषेची चर्चा, दालनाच्या रचनेबद्दल निदान एक मुद्दा आणि अभ्यासक्रमातल्या एका संकल्पनेचा उपयोग. परिच्छेदांचा क्रम मात्र ठरवून देऊ नका. साचा दिला की सगळी परीक्षणं एकसारखी येतात आणि लेखनाची निवड, जी तपासायची होती, तीच तुम्ही करून टाकलेली असते.

भेटीचा दिवस

बेव्हर्ली सेरेल यांनी १९९८ मध्ये शंभराहून अधिक प्रदर्शनांतल्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक प्रदर्शनांत लोक वीस मिनिटांपेक्षा कमी वेळ थांबतात, असं त्यात दिसलं. मोकळं सोडलं तर आपले विद्यार्थीही तेवढाच वेळ थांबतील. म्हणून भेटीचे तीन भाग करा.

पहिली फेरी वही-पेन आणि फोन खिशात ठेवून. पंधरा-वीस मिनिटं नुसतं फिरायचं, सामान्य प्रेक्षकासारखं. बाहेर येऊन पाच मिनिटांत लिहायचं: पाय कुठे थांबले, कंटाळा कुठे आला, गोंधळ कुठे झाला, काय लक्षात राहिलं. हे टिपण मोलाचं असतं, कारण प्रदर्शनाचा पहिला परिणाम नंतर आठवून लिहिता येत नाही.

दुसरी फेरी टिपणवही घेऊन. यावेळी ठरावीक गोष्टी पाहायच्या. दालनाचा हाताने काढलेला आराखडा, त्यावर प्रवेश, वाट आणि वस्तूंच्या जागा. प्रास्ताविक फलकातलं मुख्य विधान शब्दशः. फलकांतली क्रियापदं: वस्तू ‘मिळाली’, ‘भेट आली’, ‘नेली’ की ‘जप्त केली’? कर्ता कुठे गायब आहे? उजेड कशावर आहे, अंधारात काय आहे, आवाज आहे का, वस्तू डोळ्यांच्या पातळीवर आहेत की वाकून पाहावं लागतं. बनवणाऱ्याचं नाव आहे की फक्त गोळा करणाऱ्याचं. क्रियापदांची यादी हा यातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. सत्तेबद्दलचा अख्खा तास एका ‘मिळाली’वर घेता येतो, आणि विद्यार्थ्यांना ते स्वतः शोधल्याचा आनंद असतो.

तिसरा भाग एका वस्तूसमोर. प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची आणि अर्धा तास तिच्यासमोर थांबायचं. हार्वर्डच्या कलेतिहासकार जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एका चित्रासमोर तब्बल तीन तास बसायला सांगतात. आपल्याला तितकं शक्य नसलं, तरी दहाव्या मिनिटानंतर जे दिसू लागतं ते आधी दिसत नाही, याचा अनुभव अर्ध्या तासातही येतो. दर पाच मिनिटांनी एक नवं निरीक्षण लिहायचं, एवढाच नियम.

इतर प्रेक्षक कसे फिरतात हे पाहायला हरकत नाही, मात्र त्यांचे फोटो काढायचे नाहीत, ओळख पटेल असं लिहायचं नाही आणि कान लावून खासगी बोलणं टिपायचं नाही. हे निघण्यापूर्वी स्पष्ट सांगा.

टिपणांपासून खर्ड्यापर्यंत

भेटीनंतर दोन-तीन दिवसांत वर्गात बसा. प्रत्येकाने एक वाक्य पूर्ण करायचं: ‘हे प्रदर्शन आपल्याला पटवू पाहतं की…’ आणि मग दुसरं: ‘ते मला पटतं किंवा पटत नाही, कारण दालनात…’ दुसऱ्या वाक्यातला ‘दालनात’ हा शब्द काढू देऊ नका. त्याच्यामुळे विद्यार्थी पुस्तकातल्या मतांकडे न पळता पाहिलेल्या गोष्टीवर टिकून राहतो.

कच्चे खर्डे आले की काही दोष हमखास दिसतील. सर्वांत सार्वत्रिक म्हणजे प्रदर्शनाऐवजी विषयाचं परीक्षण. फाळणीवरच्या प्रदर्शनाचं परीक्षण फाळणीवरचा निबंध होऊन बसतं. अशा खर्ड्यात ज्या परिच्छेदात एकही वस्तू, फलक किंवा जागा नाही तो अधोरेखित करा. बहुधा पानंच्या पानं अधोरेखित होतात आणि विद्यार्थ्याला न सांगता कळतं. दुसरा दोष क्रमवार फेरफटक्याचा: आधी हे दालन, मग ते. तिसरा, ‘आणखी माहिती हवी होती’ ही तक्रार. कुठली माहिती, कुणासाठी, आणि ती आली असती तर कशाला जागा सोडावी लागली असती, हे लिहायला लावा. प्रदर्शनाने जे करायचं ठरवलंच नव्हतं, ते न केल्याचा ठपका ठेवणं अन्याय्य आहे. मात्र जे ठरवलं ते ठरवताना कुणाला बाहेर ठेवलं, हा प्रश्न रास्त आहे. हा फरक कठीण असल्यामुळे त्यावर वर्गात बोलायलाच हवं.

खर्डे जोडीने वाचायला द्या. वाचणाऱ्याने फक्त दोन गोष्टी सांगायच्या: कुठे मला दालन डोळ्यांसमोर दिसलं आणि कुठे मला मत पुराव्याशिवाय आलं असं वाटलं. शुद्धलेखनावर बोलायचं नाही, ते नंतर पाहता येतं.

गुणदान

१०० गुणांची माझी वाटणी अशी: निरीक्षण आणि वर्णन यांचा नेमकेपणा ३०, प्रदर्शनाचा युक्तिवाद ओळखणं २५, पुराव्यानिशी मूल्यनिर्णय २५, अभ्यासक्रमातल्या संकल्पनेचा उपयोग १०, वाचकाचं भान आणि भाषा १०. संकल्पनेला फक्त दहाच का, असं सहकारी विचारतात. कारण संकल्पनेची परीक्षा इतर उत्तरांतून होतच असते. इथे जे तपासायचं ते इतरत्र तपासलं जात नाही. निरीक्षणाला सर्वाधिक गुण आहेत हे दिसलं, की विद्यार्थी दालनात जास्त वेळ थांबतो. तुमचा विषय वेगळा असेल तर आकडे बदला, पण निरीक्षण २५ च्या खाली नेऊ नका.

प्रत्येक निकषाखाली ‘उत्तम’, ‘मध्यम’ असली विशेषणं लिहून भागत नाही. दोन पातळ्यांमधला फरक दिसेल असं लिहा. मूल्यनिर्णयाच्या निकषात सर्वांत वरच्या पातळीला: ‘निर्णयाच्या विरोधात जाणारा दालनातला पुरावा लेखकाने स्वतः मांडला आणि त्याला उत्तर दिलं’. मधल्या पातळीला: ‘निर्णयाला आधार आहे, पण सोयीचाच पुरावा निवडला आहे’. खालच्या पातळीला: ‘आवडनिवड सांगितली आहे’. विद्यार्थ्याचं मत तुमच्या मताशी जुळतं की नाही, याचा गुणांशी संबंध नसावा, आणि हे रुब्रिकमध्येच, म्हणजे निकष आणि पातळ्यांच्या या तक्त्यातच, लिहून ठेवा.

एकाहून अधिक परीक्षक असतील, तर सगळ्यांनी आधी तीन-चार तीच परीक्षणं स्वतंत्रपणे तपासावीत आणि फरक कुठे पडला यावर बोलावं. टिपणवही वेगळी जमा करून घ्या. तिला गुण देऊ नका, नाहीतर ती सजवली जाते. ती नसेल तर परीक्षण स्वीकारायचं नाही, एवढा नियम पुरे.

चॅटबॉटचा प्रश्न

संग्रहालयाच्या वेबसाइटवरचा मजकूर देऊन चॅटबॉटकडून नीटनेटकं परीक्षण लिहून घेता येतं. ते ओळखण्यासाठी सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका, त्यांचे निष्कर्ष बेभरवशाचे असतात आणि प्रामाणिक विद्यार्थ्यावर आळ येऊ शकतो. त्यापेक्षा कामाची वाटच अशी आखा की दालनात गेल्याशिवाय पुढे जाता येणार नाही: हाताने काढलेला आराखडा, पहिल्या फेरीचं टिपण, अर्ध्या तासाची निरीक्षणं, खर्डा. शेवटी पाच मिनिटांची, गप्पांसारखी तोंडी परीक्षा. ‘तुम्ही निवडलेली वस्तू दारातून दिसते का?’ एवढा प्रश्न पुष्कळदा पुरतो. भाषा सुधारण्यासाठी अशा साधनांचा वापर चालेल की नाही, हे सूचनेतच ठरवून सांगा.

परीक्षणं बाहेर जाणार असतील तर

खरा वाचक मिळाला की लेखनाचा दर्जा वाढतो, हे मी सातत्याने पाहत आले आहे. विभागाचं नियतकालिक, विद्यापीठाची वेबसाइट किंवा संग्रहालयाकडे पाठवलेली निवडक परीक्षणं, यांपैकी काहीही चालेल. फक्त प्रसिद्धी ऐच्छिक ठेवा आणि लेखी संमती घ्या. नाव न देण्याची मुभाही द्या. छायाचित्रं छापायची असतील तर संग्रहालयाची परवानगी वेगळी लागते, दालनात फोटो काढू दिले म्हणजे छापायचा हक्क मिळाला असं नाही. संग्रहालयाशी आधीच बोलून ठेवलं, तर क्युरेटर वर्गात यायला तयार होतात. त्यांना भेटीआधी बोलावू नका, कारण मग विद्यार्थी त्यांच्याच डोळ्यांनी पाहतात. खर्डे झाल्यावर बोलवा, पक्कं परीक्षण द्यायच्या आधी. बजेट, उसन्या आणलेल्या वस्तूंच्या अटी, काचपेटीतलं तापमान आणि दमटपणा यांमुळे कुठले निर्णय घ्यावे लागले, हे ऐकल्यावर विद्यार्थ्यांना आपला निर्णय बदलायचा की तसाच ठेवायचा हे ठरवू द्या. बदलला तर का, ते शेवटच्या खर्ड्यासोबत दोन ओळींत लिहून घ्या.